काळी पाच, सत्तावन्न सप्तकं खाली

काम आलं ते असं. शाळकरी मुलांसाठी आकाशावरचा बावीस मिनिटांचा कार्यक्रम. घुमटाच्या आतून चित्रं फिरणार, निवेदन ध्वनिमुद्रित होऊन बसलेलं, राहिलं होतं फक्त संगीत. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "काहीतरी स्पेसवालं द्या, सर. ते ऊंऽऽ असतं ना, तसं."

ते ऊंऽऽ मला चांगलं ठाऊक आहे. की-बोर्डवर पॅड लावायचा, खर्जात एक सूर दाबून धरायचा, रिव्हर्ब नऊ सेकंदांवर नेऊन ठेवायचा आणि चहाला खाली उतरायचं. परत येईपर्यंत अंतराळ चालूच असतं. तीस वर्षं नाटकांना पार्श्वसंगीत देतोय. त्यातली पाच-सहा भुतं, दोन स्वप्नं आणि एक कोमातला सासरा मी याच आवाजावर निभावून नेलाय. पण या खेपेला म्हटलं, वर खरोखर काय वाजतं ते बघू तरी. नवी वही काढली.

०

भाचीला अक्षरांना रंग दिसतात. लहानपणी अंकलिपीत 'क' लाल छापलाय म्हणून ती रुसून बसली होती. 'क' हिरवा असतो एवढं छापणाऱ्याला कळू नये? आम्ही हसलो. आता ती एकोणीस वर्षांची आहे, 'क' अजून हिरवाच आहे, आणि याला सिनेस्थेशिया म्हणतात हे तिनेच आम्हाला सांगितलं. एका संवेदनेची पट्टी दाबली की शेजारची दुसरीही वाजते. हा आजार नाही. शंभरातल्या चारेक जणांना त्याचा कुठला ना कुठला प्रकार असतो आणि तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, गाण्यासारखा. (माझ्या आईला वार रंगीत दिसायचे. मंगळवार तांबडा. आम्ही समजायचो, गणपतीच्या जास्वंदीमुळे.)

खरी सिनेस्थेशिया ओळखायची कसोटी सोपी आहे. आज विचारा, उत्तरं लिहून ठेवा, काही महिन्यांनी न सांगता पुन्हा विचारा. मनाने रचून सांगणारा घसरतो. ज्याला दिसतं तो बहुधा घसरत नाही. म्हणून आज तिला पेटीसमोर बसवलं. एक सूर दाबला. ती गप्प. दुसरा दाबला. गप्पच.

"काय गं?"

"मामा, सा कुठला ते आधी सांग. मग रंग सांगते."

तानपुऱ्याचं यंत्र लावलं, काळी चारवर. मिनिटभर डोळे मिटून बसली आणि मग भराभर सांगत सुटली. सा : ताकासारखा. रे : राखाडी, ओल्या फरशीचा. गंधार : पोपटी, नव्या पानाचा. मध्यम : कोकम सरबत. पंचम : निळा, स्टीलच्या भांड्यावर पडतो तसा. धैवत : कवठाचा गर. निषादाला अडखळली. म्हणाली, "याला एक रंग नाहीये. बरेच आहेत, हलतात."

१४ जून. लिहून ठेवलं आणि वही तिच्यापासून लपवली.

०

गाण्याच्या वर्गात एका चिमुरडीने मला विचारलं होतं, "काळी चार म्हणजे काळा आवाज का हो?" तिला पेटीवरची चौथी काळी पट्टी दाखवली, तिचं समाधान झालं, माझं गेलं. बाहेरचे लोक सुरांना अक्षरं लावतात. आपण रंग आणि आकडा. 'राग' हा शब्दच रंगवण्याच्या धातूतून आलेला; गाणं रंगतं, नाहीतर बेरंग होतं. आवाज गोड असतो, खडा असतो, धारदार असतो. ही भाषेची सिनेस्थेशिया, सगळ्यांच्या वाटणीला आलेली. भाचीची निराळी. ती 'क'ला हिरवा म्हणते ते उपमा म्हणून नव्हे.

०

अंतराळात आवाज नसतो हे शाळेत शिकलो, ते बरंचसं खरं आहे. पण दीर्घिकांच्या गुच्छात तापलेला वायू भरलेला असतो, आणि वायू आला की लाट आली. ययाती तारकासमूहात असा एक गुच्छ आहे, पंचवीस कोटी प्रकाशवर्षं लांब. त्याच्या मधोमध बसलेल्या कृष्णविवराने त्या वायूत उठवलेले तरंग चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने टिपले. २००३ साली ते जाहीर झालं. शास्त्रज्ञांनी तरंगांमधलं अंतर मोजून सूर काढला : मधल्या सी-च्या सत्तावन्न सप्तकं खालचा बी फ्लॅट.

बी फ्लॅट म्हणजे काळी पाच.

कृष्णविवराची पट्टी काळी पाच! आमच्याकडच्या कितीतरी गायिकांची हीच. फक्त याचं एक कंपन पुरं व्हायला कोटीच्या आसपास वर्षं लागतात. तार छेडली तेव्हा माणूस नव्हता, आत्ताचा हेलकावा संपेल तेव्हा कोण असेल सांगता येत नाही.

२०२२ साली नासाने हा सूर सत्तावन्न-अठ्ठावन्न सप्तकं वर चढवून ऐकवला. मी हेडफोन लावून चार वेळा ऐकला. तेच, ऊंऽऽ. फोनवरच्या गृहस्थांचं बरोबर होतं की काय, म्हणून जरा धास्तावलो. मग लक्षात आलं, सूर मोजलेला आहे, पण नाद बसवलेला आहे. किती सप्तकं चढवायची, कुठली दिशा किती मोठ्याने, हे कुणीतरी माझ्यासारखंच खुर्चीत बसून ठरवलंय.

०

केप्लरचं 'हार्मोनिकेस मुंडी' १६१९ साली छापलं गेलं. ग्रहगतीचा तिसरा नियम याच पुस्तकात आहे, पण केप्लरच्या लेखी तो वाटेतला मुक्काम. जायचं होतं ग्रहांच्या गाण्यापर्यंत. त्याने केलं काय, तर प्रत्येक ग्रह सूर्याच्या जवळ असताना किती वेगाने सरकतो आणि लांब असताना किती, हे सूर्यावर उभं राहून पाहिल्यासारखं मोजलं. त्या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे त्या ग्रहाचा पल्ला.

आपल्या भाषेत मांडून पाहिलं. शनी सा पासून शुद्ध गंधारापर्यंत जातो. गुरू कोमल गंधारापर्यंत. मंगळ ऐसपैस, सा ते पंचम. बुध सगळ्यांत फिरत्या गळ्याचा. सप्तक ओलांडून वरच्या कोमल गंधाराला हात लावून येतो. शुक्राची कक्षा जवळपास वर्तुळ, त्यामुळे तो लहानशा श्रुतीएवढाच हलतो. एका सुरावर इतका वेळ बसणारा म्हणजे किराणा घराण्याचा असणार.

आणि पृथ्वी? सोळाला पंधरा. अर्धा स्वर. केप्लरने तो मी-फा-मी असा लिहिला आणि शेरा मारला की या आपल्या घरात दैन्य आणि दुष्काळ यांचंच राज्य. लॅटिनमध्ये ते दोन शब्द 'मि' आणि 'फा' नेच सुरू होतात. त्याच सुमारास त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकिणीचा आळ होता, लहान मुलगी नुकतीच गेली होती, आणि तीस वर्षं चालणाऱ्या युद्धाला तोंड फुटलं होतं. शेरा कोट्यांच्या हौसेतून आलेला नाही.

पण मी-फा म्हणजे आपले ग-म. बिलावलातले, शाळेच्या प्रार्थनेतले ग-म! त्यात दैन्य कुठून आलं? मग तानपुऱ्याचा सा उचलून त्या 'मी'वर ठेवला. तेच दोन सूर सा आणि कोमल रे झाले. सोळाला पंधरा, काटेकोर. भैरवातला डोलणारा ऋषभ. अर्धा तास पेटीवर तेच दोन सूर आलटून पालटून दाबत बसलो आणि खालचा सा बदलत राहिलो. एकदा शाळा भरायची, एकदा पहाट व्हायची. बायको दोनदा डोकावून गेली.

केप्लर स्पष्ट लिहितो की आकाशात नाद नाही, हे गाणं बुद्धीने ऐकायचं. चारशे वर्षांपूर्वीच त्याने मोजलेलं आणि ऐकलेलं यांच्या वह्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

०

तबलजी आला की बसायच्या आधी विचारतो, "पट्टी कोणती?" आकाशाला हा प्रश्न विचारून काही उपयोग नाही, हे आता दोन आठवड्यांनी कळलंय.

०

खोडदला जाऊन आलो. नारायणगावाहून आत वळलं की टोमॅटो, द्राक्षबागा, आणि मधूनच पंचेचाळीस मीटर व्यासाची एक ताटली. अशा तीस. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही रेडिओदुर्बीण. ताटल्या पत्र्याच्या नाहीत, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, आरपार ढग दिसतात. वारा नव्हता, नाहीतर त्या जाळीतून काय वाजतं ते ऐकायचं होतं.

नारायणगाव म्हणजे विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. ढोलकी आणि पल्सार एकाच रस्त्यावर.

पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा. प्रत्येक गिरकीला रेडिओलहरींचा एक ठोका. जोसलिन बेल यांना १९६७ साली सापडलेला पहिला पल्सार १.३३७ सेकंदांनी ठोका देतो. मिनिटाला पंचेचाळीसच्या आसपास मात्रा, ख्याल आरामात बसेल. व्हेला पल्सार सेकंदाला अकरा : हे द्रुत तिरकिट. क्रॅब सेकंदाला तीस : इथे ठोके मोजायचं सोडून द्यावं लागतं, कानाला नुसती गुरगुर लागते. आणि १९८२ साली सापडलेला एक पल्सार सेकंदाला ६४२ गिरक्या मारतो. तो सरळ सूर आहे. मध्ये काहीच बदललं नाही, फक्त वेग वाढत गेला. ठेका, तिरकिट, गुरगुर, सूर. आम्हाला लय शिकवायला एक गुरुजी होते आणि स्वर शिकवायला दुसरे, आणि दोघांचं आपसात पटत नसे.

घरी येऊन ६४२ चा सूर संगणकावर तयार केला. काळी चारला सा धरला तर तो तार पंचमाच्या वर, कोमल धैवताच्या खाली. काळी एकला धरला तर रे आणि कोमल गंधाराच्या मध्ये. दोन्हीकडे फटीत.

भाचीला नुसताच ऐकवला, तानपुऱ्याशिवाय. "रंग नाही. ही कुठल्या घरची ते कळत नाहीये." काळी चारचा तानपुरा सोडला. ती हसली. "आता कळलं. निळ्याच्या दारात उभीये, आत येत नाही."

०

ट्रॅपिस्ट-१. कुंभ राशीतला लहानखुरा लाल तारा, चाळीस प्रकाशवर्षांवर. २०१७ साली त्याच्याभोवती सात ग्रह असल्याचं जाहीर झालं. सगळ्यांत आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं. (आला आणि विसर्जन.) सगळ्यांत बाहेरचा दोन फेऱ्या मारतो तोवर आतले अनुक्रमे तीन, चार, सहा, नऊ, पंधरा आणि चोवीस मारतात. टोरोंटोतल्या शास्त्रज्ञांनी त्याचं लगेच संगीत केलं, प्रत्येक ग्रहाला एक सूर आणि एक ठोका.

तबलजीपुढे आकडे ठेवले. दोनाला तीन, म्हणजे आड. सहाला नऊ, परत आड. त्याने मांडीवर दोन ग्रह धरले, मग तिसरा जिभेवर घेतला, मग म्हणाला, "सम कुठे?" मी हिशेब दाखवला. आतल्याच्या चोवीस फेऱ्या सव्वाछत्तीस दिवसांत होतात, बाहेरच्याच्या दोन साडेसदतीस दिवसांत. समेवर कुणी दिवसभर आधी पोचतो, कुणी नंतर.

"मग ही लयकारी नाही साहेब, वरात आहे."

तरी दुसऱ्या दिवशी तो सातही पदर वाजवून घेऊन आला, मोबाइलवर. कार्यक्रमातली चार मिनिटं तिथे सुटली.

०

ऑलिव्हिए मेसियाँ पॅरिसच्या एका चर्चमध्ये साठेक वर्षं ऑर्गन वाजवत होता. स्वरसमूह ऐकला की त्याला रंग दिसत. डोळ्यांपुढे नव्हे, आत. तेही 'निळा' इतकं ढोबळ नाही : निळ्या-जांभळ्या खडकावर राखाडी ठिपके, कडेला सोनेरी, अशा थाटाचे. तीच स्वरयोजना अर्धा स्वर चढवली की रंग पालटायचा. १९६३ च्या एका रचनेत तर त्याने वादकांच्या कागदावर सुरांखाली रंगांची नावं लिहून ठेवली आहेत. वाजवणाऱ्याने त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याला पडला नसावा.

अमेरिकेच्या द्विशताब्दीसाठी त्याला काम मिळालं. माणूस न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर लिहील असं वाटावं, तर हा १९७२ साली युटाच्या ब्राइस कॅन्यनमध्ये जाऊन उतरला. तिथले तांबडे-नारिंगी सुळके, पक्षी आणि रात्रीचं आकाश. त्यातून बारा भागांची दीर्घ रचना झाली. 'दऱ्यांपासून ताऱ्यांपर्यंत' अशा अर्थाचं तिचं नाव, १९७४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली. सहावा भाग मी सारखा ऐकतोय. अख्खा वाद्यवृंद गप्प आणि एकटा फ्रेंच हॉर्न ताऱ्यांना हाक मारतो. मारतो, थांबतो. पुन्हा मारतो, पुन्हा थांबतो. पॅड नाही, रिव्हर्ब नाही. थांबण्यातच सगळं अंतर. याच रचनेसाठी त्याने एक वाद्य करवून घेतलं, जिओफोन. मोठ्या चपट्या ढोलात शिशाच्या गोळ्या. हळू गोल फिरवला की कोरडी माती सरकल्यासारखा आवाज. सुपात ज्वारी घोळवून पाहिली. बरीच जवळ जाते. तांदूळ नाही जात.

आणि आता खरी गंमत. मेसियाँच्या लयीचा मोठा साठा आला कुठून? विद्यार्थी असताना एका फ्रेंच संगीतकोशात त्याला एकशेवीस देशी तालांची यादी सापडली आणि ती त्याने जन्मभर सोडली नाही. ती यादी 'संगीतरत्नाकरा'तली. म्हणजे शार्ङ्गदेवाची. म्हणजे तेराव्या शतकातल्या देवगिरीची. यादवराजा सिंघणाच्या दरबारी हिशेब पाहणाऱ्या एका कारकुनी पेशाच्या माणसाची, ज्याचे आजोबा काश्मीरहून दख्खनला आले. त्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, मी तीनदा गेलोय. वाटाड्या तोफ दाखवतो, अंधारी दाखवतो, अंधारीतली वटवाघळं दाखवतो. शार्ङ्गदेवाचं नाव एकदाही निघालं नाही.

त्याच ग्रंथात स्वरांचे रंगही दिलेत. षड्ज कमळाचा, ऋषभ पिंगट, गंधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र, अनेक रंगांचा. शिवाय प्रत्येक स्वराला एक कूळ, एक देवता, एक छंद, आणि राहायला एकेक द्वीप. विश्वाचा पूर्ण नकाशा, हिशेबनिसाने मांडलेला.

वही उघडून ताडून पाहिलं. भाचीचा एकच स्वर जुळतो, निषाद. योगायोग आहे. तरी तिला अजून सांगितलं नाही, नाहीतर सप्टेंबरातली कसोटी बिघडायची.

०

स्क्रियाबिनला सी मेजर लाल, रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरा. दोघेही रशियन, दोघांचं रंगांवर एकमत होईना. फक्त डी मेजर पिवळा, यावर वाद नव्हता. शेजारी बसलेल्या राखमानिनोव्हला हे सगळं थोतांड वाटलं, तर रिम्स्कीने त्याच्याच ऑपेरातली सोन्याच्या पेट्यांची जागा दाखवली. डी मेजर! राखमानिनोव्ह पुढे स्वतःच हे सांगायचा.

(पांढरी एक पांढरीच पाहणारा रिम्स्की आपल्याकडे पेटीवाला म्हणून शोभला असता.)

स्क्रियाबिनने 'प्रॉमिथियस'मध्ये रंगीत दिव्यांचं एक वाद्य लिहिलं, सुरांच्या ओळीत त्यालाही ओळ. १९११ ला मॉस्कोत पहिला प्रयोग झाला तो दिव्यांशिवाय. १९१५ ला न्यूयॉर्कला दिवे लागले. स्क्रियाबिन तिथे नव्हता आणि पुढच्याच महिन्यात जंतुसंसर्गाने गेला. हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवसांचा एक महायज्ञासारखा प्रयोग करायचं त्याच्या मनात होतं, ढगांना टांगलेल्या घंटांसकट. त्याचे रंग षड्ज-पंचमाच्या साखळीतून इतके शिस्तीत इंद्रधनुष्यासारखे उतरतात की ते दिसलेले नसून योजलेले असावेत, अशी शंका अभ्यासक घेतात. मला ती पटते. दिसलेलं इतकं नीटनेटकं नसतं. कवठाचा गर असतो, ओली फरशी असते. पण म्हणून 'प्रॉमिथियस' खोटा पडतो, असं मात्र नाही.

०

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतातली वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वलहरींसाठी. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली : दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळताना एक पंचमांश सेकंदात पस्तीसपासून अडीचशे कंपनांपर्यंत चढलेली मींड. जवळजवळ तीन सप्तकं. ही चढवावी लागत नाही, तशीच कानाच्या टप्प्यात आहे.

औंढ्याची कथा अशी की नामदेवांना देवळासमोरून हटवलं, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले, तर देऊळच फिरलं. जागा निवडणाऱ्या शास्त्रज्ञांना हे कुणी सांगितलं होतं का?

०

फोनवरच्या गृहस्थांचा मेल : "सॅम्पल ऐकलं. छान आहे, पण मध्ये मध्ये आवाज बंद पडतो. फाइल करप्ट आहे का?"

उत्तर : "नाही. तो हॉर्न थांबतो."

०

व्हॉयेजरवरची तबकडी. सत्तावीस रचना, त्यांत केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो'. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांत एक मराठीही आहे. गोव्यातल्या केरी गावची ही बाई, अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या, ध्वनिमुद्रणाची कमालीची नावड. गाणं फुकट पसरू नये, हा बाणा. ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर-१ सुटलं, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

२५ ऑगस्ट २०१२ ला यान सूर्याच्या वाऱ्याबाहेर पडलं. ते कळलं कसं, तर पुढच्या वर्षी यानावरच्या ॲन्टेनाने भोवतालच्या विद्युतभारित वायूची थरथर टिपली, सेकंदाला सुमारे सव्वीसशे कंपनं. त्या कंपनांवरून वायूची दाटी काढली, आणि दाटी ताऱ्यांच्या मधल्या प्रदेशातली निघाली. स्पीकरला लावली की बारीक शिट्टी ऐकू येते, हळूहळू चढणारी. एकाच यानात भैरवी मुकी बसलेली आहे आणि बाहेरचा सूर घरी पोचतोय.

त्या शिट्टीशी केसरबाईंची पट्टी जुळवून पाहायचा मोह झाला. रात्री साडेअकरापर्यंत झाला. मग लॅपटॉप मिटला.

०

१९ सप्टेंबर. भाचीला न सांगता पुन्हा बसवलं, काळी चार, स्वर उलटेपालटे. ताक, ओली फरशी, पोपटी, कोकम, निळा, कवठ. एकही चुकली नाही. निषादाला पुन्हा अडखळली. मग मी तानपुऱ्याचा सा गुपचूप पंचमावर नेला आणि तोच मघाचा निळा सूर पुन्हा दाबला.

"ताक," ती म्हणाली. आणि मग चिडून, "मामा, तू सगळं घर सरकवलंस."

आता शार्ङ्गदेवाचं सांगितलं. निषादाचं ऐकून ती खूश होईल असं वाटलं होतं. "पण पंचम काळा?" म्हणाली. "कसं शक्य आहे?"

०

गुस्ताव होल्स्टच्या 'प्लॅनेट्स'मध्ये पृथ्वी नाही, कारण तो खगोलावर नाही, ज्योतिषावर चालला होता. लंडनच्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारा हा माणूस संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं स्वतः करून त्यांना चाली लावल्या, 'सावित्री' नावाची छोटी संगीतिका लिहिली. २९ सप्टेंबर १९१८ ला क्वीन्स हॉलमध्ये 'प्लॅनेट्स' पहिल्यांदा वाजलं, निमंत्रितांपुढे. गुरूचा भाग चालू असताना बाहेर फरशी पुसणाऱ्या बायका ब्रश टाकून नाचायला लागल्या, असं त्याच्या मुलीने नोंदवलंय. मला सगळ्या परीक्षणांपेक्षा हे मोलाचं वाटतं.

शेवटचा नेपच्यून. बायकांचा शब्दहीन कोरस रंगमंचावर नाही, शेजारच्या खोलीत. 'सावित्री'तही असाच पडद्याआडचा कोरस आहे. होल्स्टची सूचना अशी की शेवटची ओळ गात राहायची आणि मधलं दार हळूहळू, आवाज न करता लोटायचं, सूर विरेपर्यंत. तेव्हा आवाज विरवायचं बटण नव्हतं. दार होतं.

म्हटलं, आपणही दारच वापरू.

०

एका शाळेचा गाण्याचा वर्ग रविवारचा मिळाला, बाहेर लांब व्हरांडा. तीन मुली, त्यांत भाची. पट्टी काळी पाच. शब्द नाहीत, नुसता 'ऊ'. मुली व्हरांड्यात, माईक आत, आणि दारावर वॉचमनकाका, कारण ते दार कसं वागतं हे त्यांनाच ठाऊक.

पहिल्या वेळी बिजागरी अशी किंचाळली की मुली हसत सुटल्या. काकांनी घरून खोबरेल आणलं, पिसाने दोन्ही बिजागऱ्यांत सोडलं, दार दहा-बारा वेळा हलवून घेतलं. दुसऱ्या वेळी दार गप्प, पण वरून विमान. तिसऱ्या वेळी सगळं जमून आलं. सूर आधी लांब गेला, मग पातळ झाला, मग फटीतून येणारा नुसता पट्टा राहिला, आणि दार चौकटीला टेकलं तेव्हा तो संपला की अजून आहे, ते माझं मलाच कळेना. मी हात वर धरून बसलो. मीटरवरचा काटा तळाला. आठ सेकंद, नऊ, दहा.

दारापलीकडून काकांचा आवाज आला, "झालं का? उघडू का?"